मुद्देमाल फणस

आमच्या ह्यांचं नाव गुणाजी. आमच्या वेळी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, पण या गोष्टीत पुरुष पुष्कळ आहेत. प्रत्येकाला 'हे' नि 'ते' म्हणत बसले तर कोण कोणाशी बोलतंय ते मलाच कळणार नाही. म्हणून गुणाजीच म्हणते. ते आता रागवायला नाहीत.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ जोरात होती, तेव्हाची ही हकिकत. आम्ही परळला चाळीत राहत होतो. गुणाजी माझगावला बोटी दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात सुतार होते. तिथलं लाकूडकाम बंद झालं आणि त्यांना घरी बसवलं. मी गिरणीत वाइंडिंग खात्यात होते. त्याच साली तिथल्या बायका कमी केल्या, त्यात मीही गेले. गावाहून माझे थोरले दीर लवू यांनी निरोप धाडला की दिवाळीपर्यंत काम मिळालं तर ठीक, नाहीतर खोली सोडून दोघं गावाला या. गुणाजींनी कबूल केलं. गुणाजी जगात दोघांनाच घाबरत, थोरल्या भावाला आणि सरकारला.

मला गावाला जायचं नव्हतं. आमचं गाव खेडच्या बाजूला, डोंगरात. तिथे माझ्या सासूनं जन्मभर दुसऱ्याच्या अंगणाबाहेर उभं राहून भाकरी घेतली. मुंबईत मी नळावर भांडायचे आणि पुष्कळदा जिंकायचे. गावच्या विहिरीवर मला भांडायलासुद्धा कोणी उभं केलं नसतं. हे मी गुणाजींना सांगितलं. ते म्हणाले, खरं आहे, पण दादाचा शब्द.

कायतान नावाचा एक ख्रिस्ती वाजवणारा माझगावला राहायचा. लग्नात, कधी दादरच्या स्टुडिओत गिटार वाजवायचा. त्याच्या गिटारी मोडल्या की गुणाजी जेवणाच्या सुटीत त्या जोडून देत. त्या वर्षी सरकारनं परदेशी माल आणायला बंदी केली आणि बाहेरच्या गिटारी यायच्या थांबल्या. कायतान गुणाजींना गिरगावात शरच्चंद्र यांच्या वाद्यांच्या दुकानात घेऊन गेला. रिकामी बसण्यापेक्षा बरं म्हणून मीही गेले.

शरच्चंद्र बारीक, चष्मेवाले. सत्याग्रहात थोडे दिवस तुरुंगात जाऊन आले होते. तेव्हापासून ते कुठल्याही वस्तूला एकच प्रश्न विचारत, की तू कुठली. दुकानात आलेल्या पोरालाही पाणी देण्याआधी गाव विचारत.

"गिटार करता येते?" त्यांनी विचारलं.

"मोडलेली जोडता येते," गुणाजी म्हणाले.

"म्हणजे निम्मी येते. लाकूड कुठलं वापराल?"

गुणाजी म्हणाले, सागवान, नाहीतर शिसव. शरच्चंद्रांनी चष्मा काढला. बाजारातलं चांगलं सागवान येतं बर्माहून, म्हणाले, आणि शिसव म्हैसूरकडून. ज्यांनी बेळगाव ठेवून घेतलं त्यांचं लाकूड या दुकानात येणार नाही. गिटार मुंबईसह महाराष्ट्राच्या लाकडाची पाहिजे. त्यातही मुंबईतल्याच झाडाची झाली तर उत्तम. लोक म्हणतात मुंबई आमची नाही. तिच्या झाडाची गिटार वाजवून दाखवली की प्रश्न मिटला.

कायतान म्हणाला, "शेठ, गिटार वाजूंक जाय. भाशण करूंक न्हय."

पण शरच्चंद्र ठाम होते. अशी एक गिटार दिवाळीपर्यंत आणली तर ते गुणाजींना दुकानात कायमचे कारागीर ठेवणार होते. बाहेर आल्यावर गुणाजी म्हणाले, हा माणूस वेडा आहे. मी म्हटलं, असू दे, दिवाळीपर्यंत आपणही होऊ.

मग आम्ही झाडं बघत फिरू लागलो. गुणाजी खोडाला कान लावत आणि लाकडी हातोडीनं ठोकत. असं ठोकून त्यांना काय कळायचं ते मला आजही सांगता येणार नाही. त्यांनाही सांगता येत नसे. हिंदमाताला एका मोठ्या झाडाला ते असे चिकटले असताना साड्या घ्यायला आलेल्या बायकांची गर्दी जमली. कोणी म्हणालं, आत पाणी आहे. कोणी म्हणालं, पोलिसांनी तार घातलीय, तो माणूस ऐकतोय. एकीनं पिशवीतून कुंकू काढून झाडाला लावलं. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तर तिथे नारळ ठेवलेला होता आणि झाडाला हात लावायला बंदी झाली होती.

ते तसंही चाललं नसतं. शरच्चंद्रांच्या नात्यात कॉलेजात झाडं शिकवणारे एक प्राध्यापक होते. आम्ही झाड सांगायचं, त्यांनी त्याचं मूळ गाव सांगायचं, असं ठरलं होतं. हिंदमाताचं झाड अमेरिकेचं निघालं. गुलमोहर आफ्रिकेजवळच्या कुठल्या बेटावरचा. सुरू ऑस्ट्रेलियाचा. काजू पोर्तुगिजांबरोबर आलेला. चिंचेलाही त्यांनी बाहेर काढलं, तेव्हा माझ्यानं राहवलं नाही. मी विचारलं, चिंच कधी आली? म्हणाले, हजारो वर्षं झाली असतील. मी म्हटलं, मग आता ती इथलीच की. त्यावर शरच्चंद्र म्हणाले, "बाई, असं धरलं तर उद्या मुंबईवर कोणीही हक्क सांगेल."

वडाळ्याला मिठागराकडे तिवराची झाडं होती. ती अस्सल इथली, पण वाकडी आणि मनगटाएवढी. रेल्वे यार्डाजवळ एक भेंडीचं झाड सापडलं, भाजीच्या भेंडीचं नव्हे, मोठ्या खोडाचं. प्राध्यापकांनी त्याला मान्यता दिली. गुणाजींनी ठोकलं तर ते आतून पोकळ. पोकळीत एका रेल्वेवाल्याचा जेवणाचा डबा होता, आणि आम्ही चोर आहोत असं समजून तो मागे लागला.

शेवटी झाड सापडलं ते आमच्याच दारात. रोज खिडकीतून दिसत होतं, म्हणून कधी बघितलंच नव्हतं. आमची चाळ आणि समोरची चाळ यांच्यामध्ये एक जुना फणस होता. प्राध्यापक म्हणाले, फणस पूर्णपणे इथला, सह्याद्रीचा. गुणाजींनी खोड ठोकलं, कान लावला आणि बराच वेळ कान काढलाच नाही. ओलं लाकूड लगेच कामाचं नसतं, पण फळ्या पाडून ओळखीच्या बेकरीच्या भट्टीवर वाळवू, असं त्यांनी मनाशी ठरवलंसुद्धा.

अडचण एकच होती. त्या फणसात राखणदार राहत होता.

समोरची चाळ मालवणकडच्या लोकांची. त्यांच्यात सीताराम तात्या म्हणून एक वयस्कर जॉबर, म्हणजे मुकादम होते. गिरणीत ते साच्यांवर, म्हणजे मागांवर ओरडत आणि चाळीत देवापुढे गाऱ्हाणं घालत, दोन्ही एकाच आवाजात. त्यांचं म्हणणं असं की त्यांच्या चुलत्यानं गावाहून फणसाचं रोप आणलं, तेव्हा मुळाच्या मातीबरोबर गावची राखण करणारा देव, राखणदारही बोटीनं आला. विनातिकीट. तेव्हापासून तो इथेच. बुंध्याशी त्याचा शेंदूर लावलेला दगड होता.

खरं म्हणजे झाड त्यांनाही नको झालं होतं. मुळं मोरीत शिरली होती आणि फणस पडून पत्रे फुटत होते. पण हात लावायची कोणाची छाती नव्हती. गुणाजींनी झाड मागितलं तेव्हा तात्यांचा चेहरा उजळला.

तात्या म्हणाले, "गुणाजी, तुमी आदल्या वर्साक बुद्धाची दीक्षा घेतलास. देव-देवस्की सोडलास. म्हणजे राखणदार तुमका लागाचो नाय. तुमीच तोडा."

गुणाजी म्हणाले, "तात्या, तो नाहीच, म्हणून आम्ही मानत नाही. तो आहे आणि आम्हांला माफी आहे, असं नाही."

"ताच म्हणतंय मी. तुमका माफी."

ज्या दगडावर आमची सावली पडली तर त्यांच्या बायका पाणी शिंपडायच्या, त्याच्या झाडावर करवत चालवायला आता आम्हीच हवे होतो. मला हसूही येत होतं आणि रागही. पण दिवाळी जवळ आली होती. मी गुणाजींना म्हटलं, माफी तर माफी, लाकूड घ्या.

तात्यांनी आणखी एक अट घातली. तोडण्याआधी गाऱ्हाणं घालून राखणदाराची परवानगी घ्यावी लागेल. ती ते घेतील. इथे आमच्या चाळीच्या पंचायतीचे बाबुराव आडवे आले. बाबुराव शिस्तीचे. आम्ही सगळ्यांनी घरातले देवांचे टाक पाण्यात सोडले, तेव्हा कोणी एखादा चुकून मागे ठेवला नाही ना, हे त्यांनी घरोघरी जाऊन पाहिलं होतं. ते म्हणाले, राखणदाराची परवानगी मिळाल्यावर तुम्ही झाड तोडलंत, तर तुम्ही परवानगी घेतली असं होतं. परवानगी घेतली म्हणजे तो आहे असं मानलं. हे चालणार नाही. झाड परवानगीशिवाय तोडायचं.

तात्या म्हणाले, परवानगीशिवाय तोडू देणार नाही.

मग दोन्ही चाळींच्या बैठका सुरू झाल्या. त्या दिवसांत सीमेच्या भांडणावर सगळ्यांनी इतकी भाषणं ऐकली होती की फणसाचं बोलणंही त्याच भाषेत होऊ लागलं. झाड कोणाच्या हद्दीत? आमच्या बाजूचे म्हणाले, खोड आमच्याकडे कललंय, भौगोलिक सलगता बघा. ते म्हणाले, मुळं आमच्या मोरीत आहेत. कोणी म्हणालं, लोकेच्छा घ्या. कोणी म्हणालं, फांदी हा घटक धरा. दोरीनं बुंधा मोजला गेला. शेवटी खोड आमचं आणि फांद्या त्यांना जळणाला, असं ठरलं. परवानगीचा तिढाही असाच सुटला. येत्या रविवारी तात्या त्यांच्या बाजूला उभे राहून गाऱ्हाणं घालतील आणि गुणाजी त्याच वेळी आपल्या बाजूनं करवत चालवतील. मध्ये चादर धरायची. म्हणजे तात्यांना परवानगीआधी तोडताना कोणी दिसणार नाही आणि बाबुरावांना परवानगी घेताना कोणी दिसणार नाही. लग्नात अंतरपाट धरतात तशी ती चादर दोन बाजूंनी दोघांनी धरली.

रविवारी गिरण्या बंद, त्यामुळे दोन्ही चाळी भरून लोक. गुणाजी आणि आमच्यातला एक जण करवतीला लागले. चादरीपलीकडून तात्यांचा आवाज आला.

"बा देवा राखणदारा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां हयसर जमली हत, त्येंचा गाऱ्हाणा ऐकान घे!"

"व्हय म्हाराजा!" पलीकडचे सगळे ओरडले.

"पलीकडे कोण काय करता ता आमका म्हायत नाय, आमी बघूक नाय!"

"व्हय म्हाराजा!"

करवत त्या तालावरच चालू लागली. तात्या म्हणत तेव्हा करवत पुढे, लोक ओरडत तेव्हा मागे. बाबुराव आमच्या बाजूला कानांवर हात ठेवून उभे होते, म्हणजे परवानगी ऐकू येऊ नये. खोड जाड होतं. तात्यांचं नेहमीचं गाऱ्हाणं संपलं तरी झाड उभंच. थांबलं तर करवत नुसतीच ऐकू येईल, म्हणून तात्या वाढवत गेले. त्यांनी चाळीतल्या आजाऱ्यांची नावं घेतली, बिनलग्नाच्या पोरींची घेतली, गिरणीतल्या मॅनेजरचं घेतलं. तेही संपल्यावर म्हणाले, "आणि जे आमची मुंबय आमच्यापासून काढूक बघतत, त्येंची बुद्धी ठिकाणार आण रे म्हाराजा!"

यावर "व्हय म्हाराजा" असं उठलं की रस्त्यावरची माणसं धावत आत आली. आमच्या बाजूचेही चादर विसरून ओरडले. बाबुरावसुद्धा ओरडले. ते नंतर म्हणाले की मी शेवटच्या वाक्याला होय म्हटलं, पहिल्यांना नाही.

जमावबंदी होती. पोलीस आले. पुढे एक साहेब, मागे राजाराम हवालदार. साहेबांना मराठी कमी कळत होतं. त्यांनी विचारलं, हा महाराजा कोण, ज्याला तुम्ही सगळे होय होय म्हणता? म्होरक्या कुठे आहे?

सगळ्यांनी फणसाकडे बघितलं. साहेबांना वाटलं, माणूस झाडावर लपलाय. त्यांनी वर बघून उतरायचा हुकूम दिला. तेवढ्यात झाड मोडलं आणि कललेल्या बाजूला न येता चादर घेऊन तात्यांच्या मोरीत पडलं. कोणाला लागलं नाही. पोलिसांनी फांद्या उचकून बघितल्या. आत कोणी नव्हतं.

"पळाला," साहेब म्हणाले.

राजाराम हवालदार देवगडचा. त्याला सगळं कळलं होतं, पण साहेबांना समजावणं त्याला जमेना. शेवटी त्यानं लिहून घेतलं. आरोपी नंबर एक, राखणदार महाराजा. वडिलांचं नाव माहीत नाही. राहणार फणस, हल्ली तोडलेला. आरोपी फरार. बाकीचे नुसते होय म्हणणारे, म्हणून त्यांना दम देऊन सोडलं. पण आरोपीचं राहतं ठिकाण म्हणून खोड जप्त झालं.

खोड चौकीवर न्यायला गाडी नव्हती. आमच्याच माणसांनी ते खांद्यावर घेतलं. रस्त्यानं पोलीस पुढे आणि खांद्यावर काहीतरी लांब, हे बघून लोकांनी टोप्या काढल्या. कोणाचं काय, असं कोणी विचारलं नाही. लालबागच्या वळणावर एकानं खोडाला हार घातला.

दिवाळी आली. गिटार झाली नाही. लवू भावजी आम्हांला न्यायला गावाहून आले. माझ्यासाठी त्यांनी एक नवी घागर आणली होती, गावी पाणी भरायला. मी ती दाराबाहेरच ठेवली. गुणाजींनी बोचकी बांधली. मी भांडी बांधायची तेवढी राहिली होती आणि मी ती बांधत नव्हते. एकेक भांडं घासत होते.

त्याच दिवशी राजाराम हवालदार आला. बसायलाही तयार नव्हता. चौकीत वाईट अवस्था होती, म्हणाला. खोड आत ठेवल्यापासून कोणी त्याच्याकडे पाय करून बसत नाही. शिपाई येता-जाता नमस्कार करतात. एकानं अगरबत्ती लावली. साहेब संतापले आणि त्याच दिवशी त्यांची दाढ सुजली. आता साहेबही त्या बाजूनं जात नाहीत. जप्त माल नियमानं एखाद्या लायक माणसाच्या ताब्यात देता येतो. मालवणी चाळीत खोड कोणी दाराशीसुद्धा येऊ देत नाही.

"गुणाजी, तुम्हीच घ्या," तो म्हणाला. "तुम्हांला ह्या गोष्टी लागत नाहीत."

लवू भावजी म्हणाले, "त्याला आता काही घेता येणार नाही. ही बोचकी बघतोस ना? उद्याच्या बोटीनं जातोय आम्ही."

मी हातातलं भांडं खाली ठेवलं. हवालदाराला विचारलं, माल ताब्यात घेणाऱ्यानं काय काय करायचं असतं?

"काही नाही वहिनी. सांभाळायचा, आणि कोर्टानं मागितला की हजर करायचा."

"आणि कुठे जायचं असेल तर?"

"केस संपेपर्यंत मुंबई सोडता येत नाही."

"आणि केस कधी संपते?"

"आरोपी सापडल्यावर."

मी पदराला हात पुसले आणि म्हटलं, कुठे अंगठा द्यायचा ते दाखवा.

गुणाजी उभे राहिले. भावजी त्यांना म्हणाले, "एका झाडासाठी मुंबईत राहणार तू?"

"झाड नाही भावजी," मी म्हटलं, "मुद्देमाल. सरकारचा आहे."

गुणाजींनी भावाकडे बघितलं, मग हवालदाराच्या टोपीकडे बघितलं. त्यांच्या तोंडावर जे चाललं होतं ते बघवत नव्हतं. दोन्ही बाजूंना भीती होती, पण टोपी जवळ होती. भावजी एकटेच बोटीवर गेले. घागर घेऊन गेले.

खोड आमच्या दाराशी आलं. वर्षभर ते तसंच पडून होतं. बायका त्यावर बसून तांदूळ निवडत, बाबुराव त्यावर उभे राहून भाषण करत. तात्यांच्या चाळीतल्या बायका मात्र लांबून वळसा घालत. वर्षभर पडून लाकूड चांगलं वाळलं. बेकरीच्या भट्टीवर त्याचे तुकडेच झाले असते, हे गुणाजींनी पुढे स्वतःच कबूल केलं. त्यांनी एकदा राजारामला विचारलं, मुद्देमाल खोडाच्याच आकारात पाहिजे का? तो डोकं खाजवून म्हणाला, लाकूड तेवढं हजर पाहिजे, आकाराचं कुठे काही म्हटलेलं नाही.

मग गुणाजींनी गिटार केली. पाठ फणसाची, पोट फणसाचं, मानही फणसाचीच. अशी गिटार करू नये, पोटाला हलकं लाकूड लागतं, असं कायतान पहिल्यापासून सांगत होता. पण कागदात फणस लिहिलेला, दुसरं लाकूड मिसळून कसं चालेल? झाली तेव्हा ती जात्याएवढी जड होती. कायतानानं मांडीवर घेऊन वाजवली. मग तो म्हणाला, आवाज येतो, पण तो शेजारच्या खोलीतून आल्यासारखा येतो. शरच्चंद्रांनी ती हातात घेतली, उलटी केली आणि पाठीवर थाप मारली. पुन्हा मारली. पुढून गिटार होती, पण मागून ती उत्तम ढोलकी होती.

त्यांच्याकडे तेव्हा ढोलक्यांची मागणी फार. गल्लोगल्ली कलापथकं निघाली होती. त्यांनी गुणाजींना ढोलकीची खोडं कोरायला बसवलं. गिटार मुद्देमाल असल्यामुळे विकता येत नव्हती. कोर्टात तारीख लागली की मी ती खांद्याला लावून घेऊन जायची. नाव पुकारत, राखणदार महाराजा हाजिर हो. कोणी हजर व्हायचं नाही. मी गिटार दाखवायची आणि पुढची तारीख घेऊन यायची. दर दिवाळीला भावजींचा निरोप यायचा आणि दर दिवाळीला आम्ही कळवायचो, केस चालू आहे.

मग महाराष्ट्र झाला. मुंबईसह झाला. आमच्या गल्लीत त्या दिवशी एवढा गुलाल उडाला की कुत्रीही लाल झाली. तात्यांनी आमच्या चाळीत येऊन पेढे वाटले आणि बाबुरावांना मिठी मारली. गुणाजी दिवसभर नाचले. मीही नाचले. त्यानंतर आठवडाभरात भावजींचा निरोप आला. आपलं राज्य आलं, आता कसली केस? या. गुणाजी म्हणाले, ढोलक्यांचं काम सोडता येईल, दादाचा शब्द मोडता येणार नाही. त्यांनी सकाळीच वळकटी बांधून दाराशी ठेवली.

दुपारी राजाराम हवालदार आला. या वेळी बसला. बाबुराव आधीच बसलेले होते. चौकीवर आता चळवळीच्या बारीकसारीक केसेस काढून टाकायच्या होत्या, असं राजारामनं सांगितलं. आमचीही त्यात होती.

"सोपं आहे वहिनी," तो म्हणाला. "माल तुमच्या ताब्यात, म्हणून तुमचा जबाब पुरे. आरोपी नंबर एक या नावाचा कोणी इसम नाही, एवढं सांगा. मी लिहितो. मग तुम्ही मोकळ्या."

बाबुराव खूश झाले. "सांग मालन. आपण पहिल्यापासून हेच सांगतोय, कोणी नाही म्हणून. आता सरकारी कागदावर येऊ दे."

गुणाजी माझ्याकडे बघत होते. मला ठाऊक होतं की राखणदार नाही. टाक पाण्यात सोडले ते माझ्याच हातानं. आहे असं मी म्हटलं असतं तर बाबुरावांना तोंड दाखवता आलं नसतं. आणि नाही म्हटलं असतं तर उद्याची बोट होती.

"मी त्याला पाहिलेला नाही," मी म्हटलं.

राजारामनं पेन उघडलं. "म्हणजे नाही."

"मी पाहिला नाही, एवढंच सांगते. जबाबात डोळ्यांनी बघितलेलं सांगायचं असतं, असं तुम्हीच कोर्टात सांगता ना भाऊ? झाड पडलं तेव्हा तुम्ही फांद्या बघितल्या. सापडला नाही. मीही तेव्हापासून बघतेय. मलाही दिसला नाही."

"अगं पण मालन—" बाबुराव म्हणाले.

"मी कुठे म्हटलं तो आहे म्हणून?"

बाबुरावांनी माझं वाक्य पुन्हा स्वतःशी म्हणून पाहिलं. त्यांना चूक सापडेना. राजाराम पेन हातात धरून गुणाजींकडे बघत राहिला, मग दाराशी बांधलेल्या वळकटीकडे, मग माझ्याकडे. तो देवगडचा माणूस. त्यालाही गावाहून दरवर्षी निरोप येत असतील.

"पाहिला नाही, म्हणजे मला फरारच लिहावं लागणार," तो म्हणाला. "आणि आरोपी फरार असला की ही केस निघत नाही वहिनी. मग तुम्हांला मुंबई सोडता यायची नाही."

"लिहा," मी म्हटलं.

त्यानं लिहिलं, चहा घेतला आणि गेला. बाबुरावही काहीतरी पुटपुटत गेले. गुणाजी उठून दाराशी गेले. मग त्यांनी वळकटी आत ओढली आणि तिची गाठ सोडू लागले. सकाळी त्यांनी ती घट्ट बांधली होती, सुटेना. मी जाऊन दुसरं टोक धरलं.